शंख-शिंपले वेचायला निघताय? आधी ओहोटीची वेळ बघा

बीचवर गेलं की हात आपोआप खाली जातो, लहान असो मोठं असो, एखादा शिंपला उचलून, वाळू झटकून खिशात टाकला नाही असं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. पण बऱ्याच जणांचं असं होतं की तासभर फिरून हातात चार फुटके तुकडे येतात आणि मग "इथे काही मिळतच नाही" म्हणून मंडळी परत फिरतात. बहुतेक वेळा घोळ वेळेचा असतो. समुद्र रोज सगळा माल स्वतःच निवडतो, हलकं वर, जड खाली असं वेगवेगळं करून किनाऱ्यावर मांडतो, आपण फक्त ते मांडलेलं असताना तिथे पोचायचं आणि कुठे मांडलंय ते ओळखायचं. एवढं जमलं की बाकीचं हळूहळू येतं.

पहिली पायरी: वेळ

भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघितल्याशिवाय घरातून निघू नका, ते कुठल्याही टाइड अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे ५० मिनिटांचं गणित लक्षात ठेवा कारण मागच्या रविवारी सकाळी सातला गेलो होतो आणि मस्त मिळालं होतं म्हणून या रविवारी परत सातला गेलात तर सात दिवसांत वेळ जवळजवळ सहा तास सरकलेली असते, आणि ज्या पट्ट्यात तुम्ही वाकून शोधत होतात तिथे आता कमरेएवढं पाणी असू शकतं.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, एरवी कायम पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी ना धड वर येतं ना धड खाली जातं. नवीन माणसाने पहिली फेरी उधाणाच्या ओहोटीलाच मारावी असं माझं स्पष्ट मत आहे, एकदा भरपूर दिसलं की गोडी लागते. ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी पोचायचं, पाणी मागे हटेल तसं त्याच्या मागोमाग खाली जायचं, आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं.

इथे एक सुरक्षेची गोष्ट. भरती एकसारख्या वेगाने येत नाही. खलाशी लोकांचा एक ढोबळ हिशोब असतो, एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे सुरुवातीला वाटतं की अरे पाणी कुठे वाढतंय, आणि मग दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. खडकाच्या पलीकडे किंवा वाळूच्या बेटावर गेला असाल तर परतीची वाट आधी बंद होते, त्यामुळे मोबाइलवर अलार्म लावा, खरंच लावा, मान खाली घालून शोधत असताना वेळेचं भान राहत नाही. भूमध्य समुद्र किंवा बाल्टिकसारख्या ठिकाणी भरती-ओहोटी अगदी नावापुरती असते, तिथे वारा आणि लाटा बघायच्या.

वादळ किंवा जोराचा वारा होऊन गेल्यावर समुद्र शांत झाला की दुसऱ्या दिवशीची पहिली ओहोटी गाठा. खोल पाण्यातला माल तेव्हा वर आलेला असतो. पण लाटा अजून मोठ्या असतील तर थांबा, शिंपले कुठे पळून जात नाहीत.

बरोबर काय घ्यायचं

फार काही नाही. पाण्यात भिजली तरी चालतील अशी पायात घट्ट बसणारी सँडल, टोपी, पाणी, एक जाळीची पिशवी म्हणजे वाळू आपोआप गळून जाते, नाजूक वस्तूंसाठी एक झाकणाचा डबा आणि त्यात थोडा कापूस किंवा टिश्यू, आणि एक पांढरा उथळ ट्रे. ट्रे कशाला ते पुढे सांगतो. कचऱ्यासाठी वेगळी पिशवी ठेवा, प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे सापडणारच आहेत, हाताशी आले की त्यात टाकायचे.

कुठे बघायचं

किनाऱ्यावर उभं राहून आधी पाच मिनिटं नुसतं बघा. शेवाळ, काटक्या, फेस, पिसं यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल, ती मागच्या भरतीची रेघ, पाणी सगळ्यात वर जिथपर्यंत आलं ती जागा. उधाण होऊन गेलं असेल तर तिच्याही वर अजून एक जुनी वाळलेली रेघ असते. या रेघांमध्ये हलकी, तरंगणारी चीज सापडते, बिया, लाकूड, समुद्रफेस, माशांच्या अंड्यांच्या रिकाम्या पिशव्या, पातळ शिंपले. शेवाळाचे ढीग हाताने उपसू नका, काठीने हलकेच बाजूला करा आणि बघून झालं की परत झाका, त्याखाली बारीक किडे आणि उड्या मारणारे छोटे जीव राहतात आणि पक्षी त्यांच्यावर जगतात.

जड शंख त्या रेघेत फारसे येत नाहीत. ते खाली, जिथे उतार बदलतो आणि खडे-शिंपल्यांचा जाडसर पट्टा साचलेला असतो तिथे बघायचे, किंवा अगदी पाण्याच्या काठाला. खाडीच्या तोंडाजवळ, खडकाच्या आडोशाला, वाळूच्या दांड्याच्या मागे, म्हणजे जिथे जिथे पाण्याचा जोर अचानक कमी होतो तिथे ते वाहून आणलेलं टाकून देतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधलं सॅनिबेल बेट शंख-शिंपल्यांसाठी जगभर ओळखलं जातं, आणि त्यामागे हेच कारण आहे, आजूबाजूची बेटं साधारण उत्तर-दक्षिण पसरलीत आणि हे पूर्व-पश्चिम आडवं पडलंय, त्यामुळे प्रवाहाबरोबर येणारे शिंपले त्याला अडकतात. तिथे कंबरेत वाकून चालणाऱ्या लोकांच्या त्या पोजला स्वतंत्र नावच पडलंय. तुमच्या किनाऱ्यावरही असा एखादा आडवा कोपरा असेल, तो शोधा.

आणि चालणं कमी करा. नवीन माणूस दोन किलोमीटर चालतो आणि जुना माणूस वीस पावलांत दोन तास काढतो. शिंपल्यांच्या खच असलेल्या जागेत सरळ मांडी घालून बसा, समोरची हातभर जागा ठरवा आणि तेवढीच बघा. पहिली दोन-तीन मिनिटं नुसता पांढरा-तपकिरी चुरा दिसतो, मग डोळे सरावतात आणि त्याच चुऱ्यातून तांदळाच्या दाण्याएवढे शंख दिसायला लागतात, पूर्ण, वेटोळ्यांसकट, टोकाला गुलाबी छटा असलेले, मग हत्तीच्या सुळ्यासारखी एखादी बारीक पोकळ नळी, मग नखाएवढी कवडी. मोठे शंख लाटांत आपटून फुटतात पण हे बारीक सहसा अख्खे मिळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर संग्रह याच मापाचे असतात. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर अजून सोपं, प्रत्येक वस्तूची सावली पडते, आणि सूर्याकडे तोंड करून चाललात तर काचेचे घासलेले तुकडे आतून उजळलेले दिसतात.

उचललंत? आता आत कोण आहे ते बघा

हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा वीस-पंचवीस शंख पिशवीत भरून आणले होते, सगळे रिकामे आहेत याची मला खात्री होती, रात्री पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवली आणि सकाळी उघडली तर एका शंखातून हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, अर्धा बाहेर येऊन मरून पडला होता, पाय पसरलेले, एक नांगी शंखाच्या कडेवर. आम्ही वाटेत इतके तास बोलत-खात आलो आणि तो त्या पिशवीत बाहेर पडायची वाट शोधत होता. तो शंख मी नंतर त्याच किनाऱ्यावर नेऊन ठेवला, त्याने काही होत नाही हे कळत होतं तरी ठेवला. त्यानंतर तपासल्याशिवाय एकही शंख मी पिशवीत टाकलेला नाही.

तपासायचं असं. शंखाचं तोंड वर करून आत बघा, तपकिरी नखासारखं किंवा चुन्यासारखं कडक झाकण दिसलं तर आत गोगलगाय जिवंत आहे, दार लावून बसलीये. काही दिसलं नाही तरी शंख ट्रेमध्ये थोडं समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेवा आणि दहा मिनिटं हात न लावता बसा, पांढरा ट्रे याचसाठी, त्यावर लगेच हालचाल दिसते. हर्मिट क्रॅब असेल तर आधी दोन मिशा, मग डोळे, मग पाय असं हळूच बाहेर येतं. दोन्ही पाळ्या घट्ट मिटलेला शिंपला जिवंत असतो, किंचित उघडा असून हात लावल्यावर मिटला तरी जिवंत. सँड डॉलर, म्हणजे नाण्यासारखा चपटा गोल समुद्री जीव, तपकिरी किंवा जांभळट असेल आणि अंगावर मखमलीसारखी लव असेल, ती हलत असेल, तर तो जिवंत आहे, पाण्याच्या काठाला वाळूवर परत ठेवा. मेलेला, उन्हाने पांढरा झालेला, गुळगुळीत असेल तोच घ्यायचा. तारामासा वाळूवर निपचित पडलेला दिसला तरी तो बऱ्याचदा जिवंत असतो, वाळवून घरी टांगायला तो नेऊ नका.

हर्मिट क्रॅबला स्वतःचा शंख नसतो, वाढत जाईल तसा त्याला मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. एक चांगला शंख किनाऱ्यावर आला की कधीकधी मापाप्रमाणे खेकड्यांची रांग लागते, मोठा नवीन घरात जातो, त्याचं जुनं घर त्याच्यापेक्षा लहानाला, त्याचं त्याच्याहून लहानाला. त्यामुळे अख्खे, मध्यम मापाचे, तोंड न फुटलेले गोगलगायीचे शंख मी तरी एक-दोनच घेतो आणि बाकीचे ठेवतो.

काय काय सापडतं आणि ते वाचायचं कसं

शिंपल्याच्या बिजागरीजवळ एक गोल, अगदी ड्रिलने पाडल्यासारखं भोक दिसेल, दोऱ्यात ओवायला बरं म्हणून लोक असे शिंपले मुद्दाम निवडतात. ते भोक एका शिकारी गोगलगायीने पाडलेलं असतं. मून स्नेल नावाची गोगलगाय शिंपल्याला आपल्या मोठ्या मांसल पायात धरते, कवच मऊ करणारा स्राव सोडते आणि खवणीसारख्या जिभेने तासून तासून भोक पाडते, मग त्यातून आतलं मांस खाते. भिंगातून बघा, बाहेरच्या बाजूला भोक रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं दिसेल. कधीकधी भोक अर्धवटच असतं, म्हणजे तो शिंपला त्या वेळी वाचला. अशा मून स्नेल जिथे असतात तिथे वाळूची बनलेली कॉलरसारखी पातळ गोल पट्टी पण सापडते, प्लास्टिकचा कचरा वाटतो, पण ती तिच्या अंड्यांची गादी, ओली आणि लवचिक असेल तर तिथेच ठेवा.

पांढरा, लांबट, होडीसारखा, नखाने खरवडला तर भुगा पडणारा तुकडा म्हणजे समुद्रफेस. नाव फेस असलं तरी ते कटलफिशचं आतलं कवच, त्यातल्या बारीक कप्प्यांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून तो प्राणी पाण्यात वर-खाली होतो, म्हणूनच ते मेल्यावर इतकं छान तरंगतं. काळपट, चामड्यासारखी, चार कोपऱ्यांना शिंगं असलेली पिशवी मिळाली तर ती स्केट नावाच्या चपट्या माशाची अंड्याची पिशवी, लहान शार्कच्या काही जातींच्या पिशवीला शिंगांऐवजी वळलेले धागे असतात. उजेडाकडे धरून बघा, बहुतेक रिकामी असते, भरलेली वाटली तर पाण्यात सोडा.

बियांकडे लोक बघतच नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. गारंबीची बी, तपकिरी, चकचकीत, तळहातात मावेल एवढी चपटी. तिची शेंग मीटरभरापेक्षा लांब होते, बी नदीतून समुद्रात येते आणि कडक सालीच्या आत हवा असल्यामुळे महिनोन्महिने तरंगत राहते. कॅरिबियन भागातल्या गारंबीच्या बिया अटलांटिक ओलांडून आयर्लंड आणि नॉर्वेपर्यंत पोचतात. सागरगोटाही असाच, राखाडी, गुळगुळीत, नावातच सागर आहे. बी पाण्यात टाकून बघा, तरंगली तर ती खरी लांबची प्रवासी असू शकते.

समुद्रात घासून गुळगुळीत झालेली काच नैसर्गिक नाही पण वेचायला सगळ्यांना आवडते. कडा गोल आणि सगळा पृष्ठभाग दुधी झाला असेल तरच घ्या, त्याला अनेक वर्षं, बरेचदा काही दशकं लागतात. चमकदार, धारदार तुकडा असेल तर तो कचऱ्याच्या पिशवीत. पांढरा, हिरवा, तपकिरी भरपूर, लाल आणि नारिंगी क्वचित.

हात लावायचा नाही असं काय

कोन जातीचा शंख, म्हणजे आइसक्रीमच्या कोनसारखा आकार, सुंदर नक्षी आणि अरुंद लांब फट. उष्ण समुद्रात असा शंख पाण्यात किंवा ओल्या वाळूत दिसला तर उचलूच नका. आतली गोगलगाय विषारी सुईसारखा दात मारते, कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसं मेलेली आहेत आणि त्यावर अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, नाही. रुंद बाजूने धरला तर चालतं असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, तिची सोंड मागेपर्यंत पोचू शकते. प्रशांत आणि हिंद महासागराच्या काही भागांत निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस रिकाम्या शंखात लपून बसतो, तोही जीवघेणा, त्यामुळे पाण्यातला शंख खिशात टाकायचा नाही आणि त्यात बोट घालून चाचपायचं तर मुळीच नाही. निळा फुगा आणि लांब धागे असलेला ब्लू बॉटल किनाऱ्यावर मरून सुकत असला तरी त्याचे धागे डसतात.

बाल्टिकच्या काठावर अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगडासारखा झालेला पिवळसर खडा, शोधायला लोक जातात, तिथे एक वेगळाच धोका आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस समुद्रतळाशी पडलाय, त्याचे पिवळसर खडे हुबेहूब अंबरसारखे दिसतात, ओले असेपर्यंत काही होत नाही, पण खिशात वाळले आणि अंगाची ऊब मिळाली की पेट घेतात. म्हणून तिथे सापडलेला खडा खिशात न ठेवता धातूच्या डबीत ठेवायला सांगतात. कुठलाही अनोळखी खडा, डबा, नळकांडं याबाबत मी हाच नियम पाळतो, अंगावर ठेवत नाही.

किती घ्यायचं

मूठभर. हे मी उगीच सांगत नाहीये. स्पेनच्या एका किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी १९७८ ते १९८१ मध्ये शिंपले मोजले आणि २००८ ते २०१० मध्ये परत त्याच पद्धतीने मोजले. मधल्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले जवळपास एक तृतीयांशावर आले. रिकामे शिंपले खेकड्यांना घर देतात, शेवाळ आणि बार्नेकलला (एका जागी चिकटून राहणारे छोटे कवचाचे जीव) चिकटायला जागा देतात, आणि झिजून वाळू होतात, किनारा त्यांच्यातूनच बनतो.

नियम जागोजागी वेगळे आहेत म्हणून जाण्याआधी विचारा. राखीव समुद्री क्षेत्रात सहसा काहीच उचलता येत नाही. सॅनिबेलवर १९९५ पासून जिवंत शंख घ्यायला बंदी आहे, इटलीतल्या सार्डिनिया बेटावर वाळू आणि शिंपले नेल्याबद्दल दंड होतो. देशाची सीमा ओलांडणार असाल तर साइट्स हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो, महाकाय शिंपला, क्वीन काँक, नॉटिलस आणि कठीण प्रवाळ त्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय बॅगेत टाकले तर कस्टममध्ये अडकू शकता. भेटवस्तूंच्या दुकानातले चकचकीत मोठे शंख बरेचदा जिवंत पकडलेल्या प्राण्यांचे असतात, ते मी विकत घेत नाही.

घरी आल्यावर

साध्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, मग जुन्या टूथब्रशने घासा, चिकटलेले बार्नेकल लाकडी काडीने काढा, सावलीत वाळवा. बऱ्याच शिंपल्यांना एवढं पुरतं. वरचा तपकिरी सालीसारखा थर काढायचाच असेल तर ब्लीचमध्ये तेवढंच पाणी घालून थोडा वेळ बुडवा आणि मधेमधे बघत राहा, जास्त वेळ राहिलं तर शिंपला खडूसारखा होतो. व्हिनेगर वापरू नका, शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो बुडबुडे काढत विरघळतो आणि रंग कायमचा जातो. आणि ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कवडीला यातलं काहीच लावायचं नाही, जिवंत असताना प्राण्याच्या अंगाची मऊ चादर कवडीवर पसरलेली असते म्हणून ती इतकी चकचकीत राहते, ती चमक एकदा गेली की परत आणता येत नाही, नुसत्या पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने पुसा. सुकलेल्या फिक्या शिंपल्यांना बेबी ऑइलचा एक थेंब बोटाने चोळला की ओले असतानाचा रंग बराचसा परत येतो. वार्निश मला आवडत नाही, सगळं प्लास्टिकचं दिसायला लागतं. शंखाला भोक पाडायचं असेल तर ओला ठेवून, मास्क लावून करा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

ठेवायला काचेची बरणी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. बंद लाकडी पेटीत, विशेषतः ओकच्या, लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि शंखांवर पांढरी भुकटी धरायला लागते, संग्रह करणारे याला बाइनचा रोग म्हणतात, बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकावरून, खरं तर तो रोग नाही, रासायनिक क्रिया आहे, पण दमट हवेत सगळी पेटी खराब करते.

आणि प्रत्येक फेरीची एक चिठ्ठी त्याच डब्यात टाका, पेनाची शाई पसरते म्हणून पेन्सिलने लिहा. तारीख, किनारा, ओहोटी किती वाजता होती, आदल्या दिवशी वारा होता का, आणि कुठल्या पट्ट्यात काय मिळालं, भरतीच्या रेघेत का खालच्या खड्यांत. आठ-दहा चिठ्ठ्या जमल्या की सगळ्या एकदा समोर पसरून बसा, तुमच्या किनाऱ्यावर कुठल्या दिवशी कुठल्या कोपऱ्यात जायचं ते त्यातूनच कळायला लागतं.